केंद्रकाचा मुराळी

कोपरगावच्या स्टँडवर श्रीरामपूरच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक बाप आणि सासरहून निघालेली त्याची लेक. लेकीच्या मांडीवर बीएस्सीचं पुस्तक.

"एका पेपराला दोन बॅगा?"

"पुस्तकं आहेत, आप्पा."

"तुझी सासू लई कायद्याची. माहेरचा मुराळी न्यायला आल्याबिगर सुनंला धाडत न्हाई म्हणं. उसाची लागण सोडून आलो मी. आसं काय शिकवत्यात त्या कॉलेजात?"

"आमच्या घरचंच. पेशीच्या आत केंद्रक असतं. मोठ्या प्रथिनाला तिथं शिरायचं तर अंगावर चिठ्ठी लागते, आणि न्यायला मुराळी."

"आन बाहेर यायला?"

"चिठ्ठी वेगळी, मुराळी वेगळा."

"मंजी तुझ्या सासूनंच बांधलंय ते. बाहेरची चिठ्ठी देतं कोन? तीच?"

"कुणीच देत नाही. प्रथिनाच्या अंगातच असते. कधी कधी घडीत दबलेली असते, म्हणून दिसत नाही."

"मग दिसती कवा?"

"घडी उलगडली की."

"मानसापरीस शानं हाय तुझं प्रथिन. बरं, परवा पेपर झाला की पाचच्या गाडीनं सोडतो तुला सासरी. इहिनीला शब्द दिलाय मी."

"आप्पा, काही प्रथिनांकडं फक्त बाहेर यायचीच चिठ्ठी असते."

गाडी लागली. लोक दाराकडं पळाले. आप्पा बसूनच होते.

"म्हणून दोन बॅगा," ते म्हणाले, आणि दोन्ही त्यांनीच उचलल्या.