शांभवीचा नववा दिवस

"हॅलो?… हां, पोरांचा दवाखाना… कोण बोलतंय? जरा मोठ्यानं बोला, हितं पोरं बोंबलाल्यात… अण्णा? अरे, तू व्हय! आवाज वळखलाच न्हाय… अर्ध्या तासापास्नं लावालायस? मग काय, एंगेजच लागणार. सकाळपास्नं नंबर लावायला फोनवर फोन… कुणी सांगितलं फोन कर म्हणून? सूनबाईनं? तरीच! आपणहून कशाला आठवण यील तुला बहिणीची."

शिवगंगानं रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरला, एका हातानं केसपेपरवर नाव घातलं आणि दुसऱ्या हातानं समोरच्या बाईला बाकाकडं बोट दाखवलं. अठरा वर्षं ती कोल्हापुरातल्या या दवाखान्यात दाराजवळच्या टेबलाशी बसत होती. डॉक्टर आत पोरं तपासायचे आणि बाहेरची सगळी दुनिया ही सांभाळायची. चन्नाप्पा तिचा थोरला भाऊ. उचगावात त्याचं किराणा दुकान, दुकानामागं घर. दुकानातल्या फोनला कामाशिवाय कुणाला हात लावू देईल तर शपथ! असला माणूस भर गर्दीच्या वेळी फोन करतो म्हणजे त्याला काहीतरी हवं असणार, हे तिला पहिल्या शब्दालाच कळलं.

"बोल लवकर… अम्मा आली? कुणाला?… शांभवीला! आणि मला आज सांगालायस व्हय?… बरं बरं. पाच वर्सांची नात, गोवर कवातरी येणारच की… अम्मादेवीची पाठवणी कवा? शुक्रवारी?… व्हय रे, घरच्या लेकीच्याच हातची ओटी लागती, मला काय शिकवतोस. खण, नारळ, दहीभात. आणते… हिरवाच आणते खण. ठेवू मग?… पोरगी बरी हाय न्हवं?"

"…बरी न्हाय म्हंजे?… ताप उतरंना? गोवर उठल्यावर दोनचार दिसांत उतरतोय की… डोळं लाल? चिपडं धरत्यात का?… न्हायत?… नाक गळतंय?… खोकला?… तोबी न्हाय? अरे, गोवर म्हंजे पोर नाकाडोळ्यानं नुसतं गळत असतंय. हिचं कायच कसं गळंना?… थांब थांब. ओठ कसं हाईत?… फुटून रगात यालंय? आणि जीभ?… लालभडक. दाणंदाणं. बरं."

तिनं पेन खाली ठेवलं. गेल्या दोन वर्षांत या दारातनं असली दोन पोरं आत गेली होती. पहिला कोडोलीचा मुलगा. गोवर गोवर म्हणत घरच्यांनी त्याला तिसऱ्या आठवड्यात आणला, तोवर त्याच्या हृदयाची रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. तो अजून तपासायला यायचा, आणि बाप त्याला पळूसुद्धा द्यायचा नाही. दुसरी मुलगी आली तेव्हा डॉक्टरांनी शिवगंगाला मुद्दाम आत बोलावून डोळे, ओठ, जीभ आणि सुजलेले हात दाखवले होते. असलं पोर बाकावर दिसलं तर नंबर बघत बसू नका, सरळ आत पाठवा, असं बजावलं होतं. ती पोरगी वेळेवर आली होती, आता शाळेत जात होती.

"अण्णा, नीट ऐक. ह्यो गोवर न्हाय… लई शानी तर लई शानी, पण ऐक. हात-पाय सुजल्यात का तिचं?… ठाऊक न्हाय म्हंजे? नातीला बघितलंच न्हाईस?… व्हय, खोलीत फकस्त आईनं जायचं, तेबी ओल्या केसानं, दुसऱ्या कुणी उंबरा वलांडायचा न्हाय. कळलं. मग ओठांचं तुला कुणी सांगितलं?… सूनबाई दाराआडनं सांगती. वा रे वा! पोरगी आत, आजोबा भाईर आणि मधी दार. वैनी माहेरी गेली आन् तू एकटाच पंच झालास घरात!"

"…नाव? नाव जपानी हाय. कावासाकी… अरे गाडीचं न्हवं! आजाराचं! हसालायस? हस. हितं मी पोरीच्या जिवाचं बोलालीय आणि तुला गाडी सुचालीय… कशानं हुतंय? ते डॉक्टरांसनीबी नीट ठाऊक न्हाय. पण पंधरा दिसांमागं तुमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांस्नी सर्दी-ताप आलता का न्हाय? हिलाबी आलता. तो गेला. पण एखाद्या पोराचं अंग त्यानंतरबी लढायचं थांबतच न्हाय. चोर पळून गेला तरी काठी घरातल्या माणसांवर चालवत बसतंय. आतनं रगताच्या नळ्या सुजत्यात, अण्णा. काळजाच्या नळ्या!"

"…औषध हाय की. सलाईनमधनं सोडत्यात. पण ताप आल्यापास्नं दहा दिसांच्या आत गेलं पायजे… आज सहावा? कुठनं मोजलास?… अंगावर उठलं तवापास्नं! शुक्रवारपास्नं! अरे बाबा, अम्मा आली तवापास्नं न्हाय मोजायचं, ताप आला तवापास्नं मोजायचं. ताप कवा आला?… 'आलता दोनतीन दिस आधी'. दोन का तीन? नीट सांग… गिऱ्हाईक? कसलं गिऱ्हाईक! अण्णा! अरे अण्णा!"

तिकडं रिसीव्हर दुकानाच्या फळीवर नुसताच ठेवल्याचा खट्ट आवाज झाला. मग कुणीतरी अर्धा किलो गूळ मागितला, आणि चन्नाप्पानं पिवळा पाहिजे का काळा, असं सावकाश विचारलेलंही तिला ऐकू आलं. हात लांब करता आला असता तर तिनं फोनमधनंच त्याचा तराजू ओढून घेतला असता. जळ्ळं मेलं ते गिऱ्हाईक, असं पुटपुटत ती बोटांवर शुक्रवारपासून मागं दिवस मोजायला लागली, आणि तिसऱ्या बोटावर थांबली. गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी इचलकरंजीला बारसं होतं. सगळे गेले होते. शांभवी तिच्याच मांडीवर झोपली होती.

"दिलास गूळ?… जीव शांत झाला?… आता ऐक. मंगळवारी ताप आला तिला. बारशात माझ्या मांडीवर हुती ती, कपाळ तव्यागत तापलेलं. तू म्हणलास उन्हाचं असंल. मीबी म्हणलं उन्हाचं असंल. अठरा वर्सं डॉक्टरच्या दारात बसून मला कळू नये? माझी मलाच लाज वाटालीय… आता मोज. मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि, रवि, सोम, काल मंगळ, आज बुध. नऊ! आज नववा दिस हाय, अण्णा. उद्या दहावा. आणि तू पाठवणी करणार शुक्रवारी!"

"…मग आजच आण की. आत्ता आण… कोप? देवीचा कसला कोप?… तिला आपण काय म्हणतो? अम्मा म्हणतो न्हवं? अम्मा म्हंजे आई. लेकराला औषध पाजलं म्हणून कुठली आई कोपती, सांग मला… सुई चालत न्हाय, फोडणी चालत न्हाय, दवाखाना चालत न्हाय, मग चालतंय तरी काय तुला?… सोमशेखरला इचारून? तुझा लेक हुबळीला बसलाय माल भरत! कवा येणार?… परवा. लई झ्याक! परवा बापलेक मिळून इचार करा, आणि पुढं जन्मभर त्या पोरीला पळू नको म्हणून सांगत बसा!"

बाकावरच्या बायका आता उघडउघड ऐकत होत्या. एकीनं रडणाऱ्या पोराच्या तोंडात बिस्किट कोंबलं, नीट ऐकू यावं म्हणून. शिवगंगाला कशाचंच भान नव्हतं. तिचा आवाज चढला होता.

"…बरं, न्हाय वरडत. एक काम कर. मागं जाऊन सूनबाईला दारातनंच इचार, पोरीचं हात सुजल्यात का, आणि बोटांची कातडी सुटालीय का. एवढं तर चालतंय न्हवं अम्माला?… जा. फोन ठेवू नको. मी धरते… हां, आलास? काय म्हणाली?… कायच न्हाय? हाक मारलीस का?… किती येळा?… तीन येळा? आणि ओ दिली न्हाय?… झोपल्या असतील? अरे सकाळचं अकरा वाजल्यात! कुठली सून सासऱ्याच्या तीन हाकांला झोपून ऱ्हाती?… पोरगीबी रडाली न्हाय? कण्हतबी न्हाय?"

"अण्णा. दार उघड… न्हाय, आत्ता उघड… अरे, पोरगी बेसुध पडली असंल, तिला बघून आईबी पडली असंल! न्हायतर ओ का दिना ती?… सोवळं गेलं खड्ड्यात! कडी आतनं असंल तर लाथ घाल! मी सांगते म्हणून घाल, पाप लागलं तर मला लागू दे!… अण्णा, तुझ्या पाया पडते. तुझ्या नातीसाठनं पाया पडते रे. दार उघड!"

ती कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. डोळ्यातनं पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. तेवढ्यात दवाखान्याचं जाळीचं दार ढकललं गेलं. नंबर संपले, उद्या या, असं सांगायला तिनं हात वर केला आणि हात तसाच राहिला.

दारात शिवांजली उभी होती. चन्नाप्पाची सून. केस ओले, पायात चपला नाहीत, आणि काखेत शालीत गुंडाळलेली शांभवी. सासऱ्याला फोनला लावून ती खोलीच्या मागच्या दारानं निघून, रिक्षात बसून आली होती, आणि एवढ्या वेळात उचगावात कुणालाही पत्ता लागला नव्हता. तिनं पोरीला टेबलावर केसपेपरांवरच बसवलं. शालीतनं दोन हात बाहेर आले, पुरीसारखे टम्म फुगलेले. शिवांजलीनं रिसीव्हरकडं बघितलं, कुणाचा फोन ते तिला न सांगता कळलं, आणि तिनं नाही नाही अशी मान हलवत शिवगंगापुढं हात जोडले.

"…हॅलो… हां, हाय मी. फोन चालूच हाय… अण्णा, थांब. अरे थांब म्हणते न्हवं! दार उघडू नको."

"…व्हय, मीच म्हणत हुते उघड म्हणून. चुकलं माझं… न्हाय, याड न्हाय लागलं. तूच बरोबर हाईस. अम्मा घरात असताना बाप्यानं कशाला आत जायचं?… हाका पण मारू नको. रातभर जाग्या असतील बिचाऱ्या, झोपल्यात, झोपू देत."

शांभवी कण्हली आणि मग भोकाड पसरून रडायला लागली. शिवगंगानं मोकळ्या हातानं तिला पोटाशी धरलं. पोरीचं अंग लुगड्यातनंसुद्धा भाजत होतं. शिवांजलीनं तोंडात पदर कोंबला. आतल्या पेशंटचं उरकायची वाट न बघता बाकावरचीच एक म्हातारी उठली आणि डॉक्टरांच्या केबिनचं दार वाजवायला लागली.

"…कोण रडतंय? पोरांचा दवाखाना हाय, अण्णा, हितं पोरंच रडणार… आपल्या शांभवीगत वाटालंय? सगळी पोरं सारखीच रडत्यात… व्हय, ओटी आणते की. शुक्रवारी कशाला, उद्याच येते. मी स्वतः येऊन उघडते ते दार. तवर तू हात लावायचा न्हाय, माझी आण हाय तुला… न्हाय रे, रडत न्हाय. सर्दी झालीय जरा… आता ठेव फोन. ठेव, अण्णा. पेशंट आलंय."