थोरल्या गुरुजींच्या ग्रंथाचा पुठ्ठा

—नाही हो, सेन्योर शालतिएल, दमट हवेनं फुगलाय तो. सालोनिकात बंदराजवळ राहिलं की माणसंसुद्धा फुगतात, पुस्तकाचं काय घेऊन बसलात! ठेवा इथं. खळ लावतो, दाबात घालतो, शुक्रवारी न्या. थोरल्या गुरुजींचा ग्रंथ म्हणजे आधी त्याचंच काम— सुरी कशाला काढताय? आत काय असणार, रद्दी. पुस्तक बांधणारा पुठ्ठा विकत आणत नाही, जुनी पानं एकावर एक चिकटवून करतो. अक्षरं दिसतायत? दिसणारच, छापील कागद आहे. कसली म्हणजे— पंचांगाची असतील.

बरं, प्रार्थना आहे. तीच आहे. धर्मसभेनं ह्या तपासाला उगीच नाही नेमलं तुम्हाला, डोळे चांगले आहेत. दोन वर्षांपूर्वी आपल्या ज्यूंचं अख्खं गाव हीच म्हणत होतं— मसीहा आला, चला यरुशलेमला! तुम्हीसुद्धा दुकान आवरून गाठोड्यावर बसला होतात, मी पाहिलंय. मग त्या मसीहानंच सुलतानासमोर पगडी घातली, मुसलमान झाला, आणि गाव एका दिवसात शहाणं झालं. जो तो म्हणतो, मला पहिल्यापासूनच संशय होता! मग हुकूम निघाला— ह्या प्रार्थनेच्या पुस्तिका जमा करा. देवाचं नाव असलेलं पान जाळता येत नाही, म्हणून कबरस्तानात पुरा. काम कुणाला? मला. मी पुरली की पोती. म्हणजे— पोती पुरली. आत काय भरलंय ते कुणी विचारलं नाही.

ठाऊक आहे, वाळीत टाकतील. शेजारी कुणी बसणार नाही, मेल्यावर प्रार्थनेला दहा माणसं जमणार नाहीत. तुम्ही असं करा— सांगा, म्हातारा चिकट आहे, कागद वाया जाईल म्हणून वापरला. पटेल त्यांना.

...नाही. कागदासाठी नाही केलं. माझी रेइना आठवते ना, तुमच्या आईला भोपळ्याचे बोरेक पाठवायची? त्या वर्षी बायकांनी शनिवार ते शनिवार उपास धरले, तिनंही धरला. मी म्हटलं, अगं, पाणी तरी घे. तर म्हणे, ‘तो आला की त्याच्याच पंगतीला बसू.’ सहाव्या दिवशी गेली, पुस्तिका छातीवर. ती गेली तेव्हा प्रार्थना खरी होती, सेन्योर. चार महिन्यांनी खोटी ठरली. मग मी काय करायचं? तिचं मरण चूक म्हणून मातीत लोटायचं?

किती ग्रंथांत? ह्या एकाच. ...बरं, बारा. ...दीड वर्षात माझ्या हातून जे जे बांधून गेलं त्या सगळ्यांत. तुमच्या घरी शब्बाथला काढता त्यातसुद्धा. बसा आता गावभर कापत— म्हणजे, नका हो सांगू, मी उगाच बोललो.

थांबा! मागचा पुठ्ठा नको. पुढचा कापा, तेवढा पुरे होईल पुराव्याला. मागचा— त्या पानांवर मेणाचे डाग आहेत. तिच्या दिव्याचे. थोरल्या गुरुजींच्या कपाटाइतकी सुरक्षित जागा मला दुसरी सुचली नाही.

...ऐकत नाही तर. मग हात धुवा आधी. हो, तुम्हीच, देवाचं नाव आहे त्यावर. तांब्या दाराशी आहे. मी तोंड फिरवून बसतो. झालं की जा— बोलू नका, नुसते जा.