पांढरा ठिपका

नवऱ्याची हौस एकदाची फिटली होती. जीप उंच झाली होती, आणि लेकीला शेजारी बसवून तो चक्कर मारायला गेला होता. बायको गॅरेजच्या बाकावर थांबली होती. पत्र्याआड दोन फिटर हात धूत होते.

“बॉडी तीन इंच वर घेतली. बोल्ट सगळे आवळलेस ना?”

“आवळले की, उस्ताद.”

“आणि स्टिअरिंगच्या दांड्याला जोड दिला, त्याचा?”

“तो तुम्हीच आवळलात ना? पांढरा ठिपका होता त्याच्यावर.”

“ठिपका मीच दिला, जेवायला जाताना. राहिलाय तो तुला दिसावा म्हणून.”

“अहो, आमच्या जुन्या गॅरेजात आवळून झाल्यावर ठिपका द्यायचे!”

“इथं राहिलेल्याला देतात रे. राहिलेल्याला.”

“मग तो...”

“नुसता हातानं फिरवून ठेवलाय. गाडी कुठाय?”

नळ तसाच वाहत राहिला. ते ऐकून बायकोनं नवऱ्याचा नंबर फिरवला. फोन दुसऱ्या खेपेला लागला. लेकीनं उचलला.

“बाबांना गाडी थांबवायला सांग! आत्ताच्या आत्ता!”

“आई, ऐकूच येत नाही गं, वारा आहे! आम्ही टेकडी उतरतोय. बाबा म्हणतायत, स्टिअरिंग काय हलकं झालंय, एका बोटानं फिरतंय!”