पाटावर बसलेला उमेदवार

रामकृष्णहरी म्हणा, आणि मंडळी, जरा सावरून बसा. कारण गोड बोलायचं ते पूर्वरंगात बोलून झालं, आता मी तुमच्याशी भांडणार आहे.

सवाल असा. माणूस आपला कधी होतो? आपल्या आळीत जन्मला म्हणून? आपल्या आडनावाचा म्हणून? की आपल्यावर वेळ आली तेव्हा आपल्या बाजूनं तोंड उघडलं म्हणून?

थांबा, लगेच माना डोलवू नका. माना डोलवणं सोपं असतं, आमच्या वर्गातला अख्खा शेवटचा बाक डोलवतो.

अहो, म्हैस घ्यायला बाजारात जाता तेव्हा काय करता? दात बघता, सड चाचपता, स्वतः धार काढून बघता. ‘अमक्याच्या गोठ्यातली आहे’ एवढ्यावर दावं हातात घेता का? घेतलंत तर घरची माणसं तुम्हालाच गोठ्यात बांधतील. आणि पाच वर्षांसाठी दिल्लीला माणूस धाडायचा असतो तेव्हा काय विचारता? — कुणाचा? कुणाचा नातू, कुणाचा जावई, कुठल्या आळीचा. झालं! धार काढून बघायची कुणालाच आठवण नाही. मृदंगमहाराज, हसू नका, तुम्हीसुद्धा त्यातलेच.

तर ऐका.

खडकपेठ नावाचं एक गाव. तिथं कोष्टीगल्ली. गल्लीत शिरलं की घराघरातून हातमागाचा आवाज — खटाक् खट, खटाक् खट. ह्या गल्लीत काठाची लुगडी विणली जायची. काठ असा की बघणाऱ्याला वाटावं, कापड नंतर विणलंय, आधी काठच जन्मलाय. आणि कायदा असा होता की असा काठ हातमागावरच विणायचा, यंत्रमागानं त्याला हात लावायचा नाही. त्या एका कायद्यावर गल्लीची चूल पेटत होती.

ह्या गल्लीत अनसूया हावळ राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याच्या मागावर ती बसली आणि बसलीच. त्या मागावर तिनं दोन्ही पोरी उजवल्या, त्याच मागावर स्वतःचं म्हातारपण तोलून धरलं. सोनं नाही, शेत नाही. होता तो माग.

आणि गल्लीत बातमी आली, की दिल्लीत तो कायदा बदलायचं घाटतंय. नव्या लोकसभेत विधेयक येणार. पास झालं की हाच काठ यंत्रावर विणायला सगळ्यांना मोकळीक. अनसूयेनं मनात हिशेब केला. तिला लुगड्याला दिवसांमागून दिवस लागायचे, यंत्र ते चहा निवायच्या आत फेकणार. मग तिचं लुगडं घेणार कोण?

आता योगायोग बघा — निवडणूकही लागलेली. आणि उमेदवार कोण? विश्वंभर ढोले! कोष्टीगल्लीचा! त्याचे आजोबा ह्याच गल्लीत विणायचे, तेही कुठं, तर हावळांच्या घरात, मजुरीनं, त्याच मागावर, ज्यावर आज अनसूया बसते. गल्लीला आनंदानं वेड लागायचं बाकी राहिलं. विश्वंभर कुठल्या शाळेत शिकला, पुण्याला कुणाच्या खोलीवर राहिला, सासुरवाडी कुठली, त्याला वांग्याची भाजी चालत नाही — सगळं तोंडपाठ. नागरिकशास्त्रात कुणाला इतके मार्क पडले नसतील.

गल्लीतला मुख्य कार्यकर्ता म्हणजे अनसूयेचा चुलत दीर, सदू. झेंडे तोच लावायचा, चहा तोच सांगायचा. अनसूयेनं त्याला दारात गाठलं.

“भावजी, ह्या इश्वंभराचं त्या कायद्याबद्दल म्हणणं काय हाय?”

“वैनी, तो आपला हाय.”

“आपला हाय ते कळलं. म्हणणं काय हाय?”

“अवो, आपला म्हंजे आपलाच. आजा कोष्टी, बा कोष्टी. त्याला काय सांगाय लागतंय व्हय?”

“आजा माझ्याच घरात विणत हुता, मला नका सांगू. मी इचारतेय, हा तिथं जाऊन व्हय म्हणणार का न्हाई म्हणणार?”

सदू डोकं खाजवत म्हणाला, “वैनी, तुमी लई खोलात जाता.”

खोलात! मंडळी, बाई स्वतःच्या पोटाबद्दल विचारतेय आणि हा म्हणतो खोलात जाता. पोट कुठं वर असतं का?

बरं, सदूला खरंच ठाऊक नव्हतं. विरोधातल्या उमेदवाराचं म्हणणंही कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तो परगावचा, म्हणजे विचारायचाच प्रश्न नाही. सभा झाल्या. विश्वंभर काय बोलला? देवळापुढे सभामंडप देतो. गल्लीत पेव्हर ब्लॉक टाकतो. अहो, पेव्हर ब्लॉक नगरपालिका टाकते! लोकसभेत देशाचे कायदे होतात. हे आम्हाला शाळेत शिकवतात, आणि तुम्हीच आम्हाला म्हणता, नीट पाठ कर, परीक्षेत येईल. तुमच्या परीक्षेत येत नाही का ते?

असो. प्रचाराचा शेवटचा आठवडा. सदू धावत आला. “वैनी, विश्वंभरदादा उद्या सकाळी तुमच्याकडं येणार. आजोबांच्या मागावर बसणार, फोटो काढणार. औक्षण तुमीच करायचं.”

अनसूया म्हणाली, “करते की.” आणि मनात म्हणाली, आता कुठं जाशील.

का? आयाबायांनो, तुम्हाला ठाऊक आहे. औक्षणाला माणूस पाटावर बसला, की ओवाळून ताट खाली ठेवेपर्यंत उठायचं नाही. मधेच उठला तर अपशकुन. मोठा असो, लहान असो. पंतप्रधान बसला तरी त्यालाही नियम तोच. ह्या देशात पुढाऱ्याला गप्प बसवून समोर ठेवायची एवढी एकच सोय उरली आहे, आणि तीही बायकांच्या हातात!

सकाळ झाली. गल्लीत ही गर्दी. विश्वंभर आला, पांढराशुभ्र, हात जोडलेले. वाकून अनसूयेच्या पाया पडला. दारापुढे रांगोळी, पाट. बसला. तिनं कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली. निरांजन उचललं. एकदा फिरवलं आणि हात थांबवला.

विश्वंभरला वाटलं, ओवाळणीसाठी थांबली. त्यानं खिशातून पाचशेची नोट काढली. शेजारचा एकजण कानाशी लागला, “दादा, आचारसंहिता, मोबाईल चालू हायत.” नोट आली तशी खिशात गेली. बिचारी, तिला वारासुद्धा लागला नाही.

अनसूया म्हणाली, “पैसा नगोच, दादा. ओवाळणीत एक उत्तर घाला.”

“काय काकू, बोला की.”

“आमच्या काठाचा कायदा तिथं बदलाय येईल. तवा तुम्ही व्हय म्हणणार का न्हाई?”

गर्दीतून कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं.

विश्वंभर गोड हसला. “काकू, मी तुमचाच आहे. माझे आजोबा ह्या घरात —”

“आजोबा देवमाणूस हुतं. मी तुमास्नी इचारतेय.”

“त्याचं असं आहे, पक्षाचं धोरण असतं, समिती असते, सगळ्या बाजूंचा विचार करून —”

“मग सगळ्या बाजूंचा इचार करून तुमची बाजू कंची?”

निरांजन हवेत. उमेदवार पाटावर. उठता येईना, बोलता येईना. आता मंडळी, ह्या क्षणाला गल्लीनं काय करायला हवं होतं? एकेकानं पुढं येऊन म्हणायला हवं होतं, व्हय दादा, सांगा की. एक घर म्हणालं असतं तरी पुरे होतं. पण गल्ली चिडली! आणि कुणावर? तिच्यावर!

“अनसे, पाव्हण्याची आब राख.”

“घरचा माणूस उभारलाय, त्याचीच उलटतपासणी?”

“बाईला अक्कल असती तर...” पुढचं मी देवळात बोलत नाही.

आणि सदूनं काय केलं? पुढं झाला, तिच्या हातातलं ताट घेतलं आणि स्वतःच ओवाळायला लागला. आयुष्यात कधी ताट धरलेलं नाही, घाईघाईत गडी ओवाळला तो उलटा! उजवीकडून डावीकडं! बायका ओरडल्या, “मेल्या, औक्षण करतोस का दृष्ट काढतोस?” सगळे हसले. विश्वंभरही हसला आणि हसता हसता पाटावरून उठला. प्रश्न राहिला तिथंच, रांगोळीवर. त्यावरून माणसं आत गेली.

अनसूयेच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरी गंमत, खरं दुःख, पुढे आहे.

विश्वंभर मागावर बसला. तिला वाटलं, आता ह्याची फजिती होणार, धागा तोडणार हा. आणि त्यानं पाय मागाखालच्या पावड्यांवर ठेवले, दोरीला एक झटका दिला, धोटा ह्या टोकाहून त्या टोकाला गेला. खटाक् खट. पुन्हा. खटाक् खट. धागा तुटला नाही, कापड सैल पडलं नाही. आजोबांनी शिकवलं होतं पोराला, आणि हात विसरला नव्हता. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. तोच आवाज, तीच लय.  अनसूयेचा मघाचा राग कुठं गेला, तिचं तिलाच कळलं नाही. पोराच्या हातात कोष्ट्याचं रक्त हाय, ती मनात म्हणाली. हा कसा आपल्या इरुद्ध जाईल?

आणि मतदानाच्या दिवशी ती गेली, आणि तिनं त्याचंच बटण दाबलं.

हं, आता सगळे गप्प. मघाशी तिच्या बाजूचे होतात ना? जिनं विचारलं, जिला उत्तर मिळालं नाही, तिनंसुद्धा धोट्याच्या आवाजावर मत दिलं. मला तिचा राग येतो. खरंच येतो. माझ्या आजीच्या वयाची बाई आहे, तरी येतो.

विश्वंभर खासदार झाला. गुलाल झाला. विधेयक आलं. सदूच्या मोबाईलभोवती गल्ली गोळा झाली, कारण आपला माणूस बोलायला उभा राहिला होता. आणि तो काय बोलला? म्हणाला, “मी विणकराचा नातू आहे. आजोबांच्या हातमागावर मी स्वतः बसलो आहे. हातमागाचं दुःख इथं माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. म्हणून मी सांगतो, हा बदल विणकराच्या भल्याचा आहे.”

विरोधातले काहीजण बोलणार होते, ते खाली बसले. कोष्ट्याचा नातूच म्हणतोय, आपण कोण? आवाजी मतदान. होय, होय, होय. झाला कायदा.

अहो, परका असता तर तिथं त्याला कुणीतरी अडवलं असतं! म्हटलं असतं, तुला काय कळतंय विणण्यातलं. ह्याला कोण अडवणार? ह्याच्या हातात गल्लीतल्याच आजोबांचा धोटा होता. आपल्याकडं म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. झाड तोडायला लोखंड एकटं पुरत नाही, मंडळी. त्याला झाडाचंच लाकूड लागतं.

पुढच्या दिवाळीच्या आत व्यापाऱ्यानं अनसूयेचं लुगडं परत केलं. “काकू, हाच काठ निम्म्या भावात येतोय.” हाच नव्हता तो. पण गिऱ्हाईकाला फरक दिसत नव्हता, आणि दाखवायला कुणी बसलेलं नव्हतं. एकेक घर गप्प झालं. अनसूया गावाबाहेर यंत्रमागाच्या शेडमध्ये जायला लागली. काम काय? यंत्रावरून उतरलेल्या लुगड्यांचे लोंबते धागे कात्रीनं कापायचे. त्याच काठाचे.

एका संध्याकाळी ती शेडवरून येत होती. सदू वाटेत भेटला. त्याचाही माग बंद पडलेला. म्हणाला, “वैनी, आपला माणूस असून फसवलं बगा त्यानं.”

अनसूया थांबली. “न्हाई भावजी. त्यानं कुठं फसवलं? मी इचारलं, त्यानं सांगितलं न्हाई. न सांगणं हेच त्याचं सांगणं हुतं. तुमी तर ऐकूनच घेतलं न्हाई. मी ऐकलं, आणि तरी बटण दाबलं. मग फसवलं कुणी कुणाला?”

 ती घराकडं चालायला लागली.

तर मंडळी, आख्यान झालं. आता तुम्ही. मी मघाशी आत बसले होते आणि तुम्ही बाहेर बोलत होतात, मला सगळं ऐकू येत होतं. कोण उभं राहणार, ते कुणाचे व्याही, त्यांच्याकडं किती गाड्या, त्यांचे वडील आपल्या जत्रेला कसे यायचे. छान चर्चा. शाळेतल्या फीबद्दल तो काय म्हणतो? पाण्याबद्दल? रोजगाराबद्दल? दोन देशांत भांडण झालं तर काय करायचं म्हणतो? बायकांवर अत्याचार झाला तर कायदा कुणाच्या बाजूनं हवा म्हणतो? एवढ्या मोठ्या चर्चेत एकाही तोंडातून ‘म्हणतो’ हा शब्द निघाला नाही. ‘आहे’ निघाला. आपला आहे, त्यांचा आहे.

मला अजून मत नाही. तुमच्याकडं आहे. तुम्ही बटण दाबाल, बोटाची शाई मिरवाल आणि पाच वर्षं निवांत बसाल. आणि त्यांनी केलेले कायदे कुणाला लागतील? ह्या पुढं बसलेल्या पोरींना. मला. आम्ही त्या कायद्यात शिकणार, त्या कायद्यात नोकरी शोधणार, त्या कायद्यात म्हाताऱ्या होणार. तुम्ही तेव्हा नसाल जाब द्यायला.

म्हणून देवा, आज ह्या मंडळींसाठी सुख मागत नाही, धन मागत नाही. त्यांना जीभ तू दिलेलीच आहेस. दारात माणूस येईल तेव्हा ती हलवायची बुद्धी दे. आणि मंडळी, तुम्हाला स्वतःसाठी विचारायची लाज वाटत असेल, तर माझं नाव सांगा. म्हणा, आमच्या देवळात एक पोरगी आली होती, तिला उत्तर हवंय.