बिनचष्म्याचं वाचन

परतवाड्याच्या वाचन प्रशिक्षणात माही इज्जत थोडक्यात बचावली, बाई! तिथल्या सरांनी सकाळीच बजावलं होतं, "मुलं पाठ म्हणतात, नाहीतर चित्र पाहून ठोकून देतात. त्याला वाचन म्हणायचं नाही." अन् पहिलीचं पुस्तक देऊन वाचाले मलेच उभं केलं! चष्मा घरी राहिलेला, पान सारं धुरकट. वीस वर्षं शिकवलेला पोपटाचा धडा मी ओळीखाली बोट फिरवत धडाधड म्हणून टाकला.

सर म्हणाले, "मॅडम, हा धडा गाईचा आहे."

मी घामाघूम. तेच पुढं म्हणाले, "पाहा, मुलं अशीच पाठ म्हणतात. मॅडमनी हुबेहूब करून दाखवलं." टाळ्या पडल्या, तवा जिवात जीव आला.

चहाच्या वेळी सर हळूच जवळ आले. "चष्मा घरी राहिला ना?"

"तुमाले कसं समजलं?"

"माहाबी राहिला. मीबी गाईचं चित्रच पाहिलं होतं."