खालून तिसरी पायरी

सिनेमांच्या त्या खेळाचं नाव काढलंस म्हणून आठवलं. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या पूजेला आमच्या शेजारचा केदार तो दरवर्षी घेतो. पडद्यावर तीन जुन्या सिनेमांचे तुकडे दाखवतो आणि त्यांच्यात सारखं काय, ते आपण ओळखायचं. शेवटचा प्रश्न, दोन्ही टीम बरोबरीत, आणि इतका वेळ गप्प बसलेले माझे बाबा उठले.

"जिना! तिन्हीत जिना एकच आहे."

केदारने कार्ड बघितलं. "चूक, काका. तिघांचा कॅमेरामन एकच."

समोरची टीम नाचायलाच लागली. मी म्हटलं, "बाबा, बसा ना, लोक हसतायत."

"हसू देत. केदार, परत लाव. या वेळी पायांकडे बघ."

केदार जाम वैतागला, पण बाबा पडद्यासमोरून हलेचनात. शेवटी लावलं त्याने. पहिल्यात हिरॉईन रडत जिना उतरते, दुसऱ्यात व्हिलन सिगार ओढत, तिसऱ्यात म्हातारी आई. आणि खालून तिसऱ्या पायरीवर तिघंही थोडी डावीकडे कलतात!

केदार म्हणाला, "काका, एवढं बारीक तुम्हाला दिसलं कसं?"

"अंधेरीच्या स्टुडिओत सुतार होतो रे. तो जिना मीच केला, आणि ती पायरी घाईत वाकडी ठोकली. पुढे रंग बदलून बदलून तोच वापरायचे. टीव्हीवर सिनेमा लागला की मला अजून तेवढीच दिसते."

मग माईककडे बोट दाखवून म्हणाले, "पायरी चुकली माझी, कबूल. उत्तर बरोबर आहे. बोल माईकवर!"