एकदा म्हणजे कधी?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या समाजकेंद्राच्या संचालिका माननीय बांग ह्ये-जोंगबाई, जिल्हा कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे श्री. ग्वाकसाहेब, ज्यांच्यासाठी आपण इथे जमलो ते आमचे प्यो गुरुजी, आणि उत्तरेकडून आलेल्या, दक्षिणेत जन्मलेल्या, तसेच केवळ तांदळाच्या वड्यांचा वास आला म्हणून आत शिरलेल्या सर्व बंधू-भगिनींनो,

मला बोलायला सांगितलं ही आयोजकांची चूक आहे, पण आता ती त्यांनी निस्तरावी. संचालिकाबाई सकाळी म्हणाल्या, "ओक-सिलबाई, थोडक्यात बोला आणि गोड बोला." थोडक्यात बोलणं मला जमेल. गोडाचं मात्र सांगता येत नाही, कारण मी उत्तरेतल्या हामहुंगची. आमच्याकडे माणूस आवडला की त्याच्यावर खेकसतात, आणि नाही आवडला की जरा जास्त खेकसतात. गुरुजींना हे ठाऊक आहे. म्हणूनच ते आत्ता हसतायत आणि ग्वाकसाहेब हसत नाहीयेत.

गुरुजींनी याच खोलीत इतकी वर्षं दर शनिवारी वर्ग घेतला. दारावर पाटी आहे, 'जगाच्या घडामोडी आणि देशाचे एकीकरण'. पाटी मोठी आणि खोली लहान. गुरुजी भिंतीवर नकाशा टांगायचे आणि एका हातात छडी घेऊन आम्हाला जगभर हिंडवून आणायचे. बर्लिनची भिंत त्यांनी आमच्यासमोर इतक्या वेळा पाडली की मला धुळीने शिंका यायच्या. एक झाल्यावरही तिथले पूर्वेकडचे लोक म्हणतात, आम्हाला धाकट्या जावेसारखं वागवतात. येमेन एक झाला आणि पुन्हा हातघाईवर आला. सायप्रसचं घोंगडं तर अजून भिजतच आहे. मी हे सगळं मन लावून ऐकायची. का सांगू? नकाशाकडे पाहिलं की शेजारच्या रांगेकडे पाहावं लागत नसे.

शेजारच्या रांगेत मेंग बोक-रेबाई बसायच्या. आजही बसल्यात. दक्षिणेतल्या जोलाकडच्या सुगरण, आणि आमच्या इमारतीत बरोबर माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. आम्ही दोघी एकाच जिन्याने येऊन एकाच वर्गात एकीकरण शिकत होतो, आणि तीन वर्षं एकमेकींशी एक शब्द बोललो नव्हतो. गुरुजींना याचा पत्ता नव्हता. जगात कुठे काय जळतंय हे त्यांना कळायचं, पण समोरच्या बाकाचा धूर त्यांना दिसला नाही.

आता कारण सांगते. मी त्या इमारतीत राहायला आले त्या दिवशी सामान वर चढवत होते. मेंगबाई जिन्यात भेटल्या. चांगलं हसल्या, माझ्या हातातली एक पिशवी घेतली, आणि जाताना म्हणाल्या, "आपण एकदा जेवू या हं."

सभागृहातले दक्षिणेतले लोक म्हणतील, मग? उत्तरेतल्या लोकांचे चेहरे बघा, त्यांना पुढचं सगळं कळलंय.

आमच्याकडे जेवायचं नाव काढलं की माणूस चूल पेटवतो. नव्या देशात, नव्या घरात, पहिल्याच दिवशी शेजारीण जेवायचं म्हणते. मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मी बटाट्याचं पीठ मळलं, सोऱ्यातून शेवया पाडल्या, रस्सा गार करून ठेवला, दोन वाट्या मांडल्या आणि दाराकडे बघत बसले. त्या आल्या नाहीत. म्हटलं, काही अडचण असेल. पुढच्या दिवशी पुन्हा शेवया केल्या. शेवया थांबत नाहीत हो, फुगतात. माझ्या शेवया फुगल्या आणि मीही फुगले. त्यानंतर जिन्यात मेंगबाई दिसल्या की मी भिंतीवरचे विजेचे मीटर वाचायला लागायचे.

या बिचाऱ्या काय करणार? त्यांना वाटलं, बाई आजारी दिसते. त्यांनी आपल्या हातच्या कोबीच्या लोणच्याचा, किमचीचा, डबा माझ्या दाराला अडकवला. मी तो उघडलाही नाही, तसाच खाली नेऊन त्यांच्या दाराला अडकवला. त्यांनी वर पाठवला, मी खाली आणला. त्या हिवाळ्यात आमच्या इमारतीत सगळ्यात जास्त प्रवास त्या डब्याने केला. शेवटी किमची इतकी आंबली की पहारेकऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडून ती घरी नेली.

मग तो शनिवार आला. उत्तरेच्या सरकारने जाहीर केलं होतं की आता एक व्हायचंच नाही, आणि सीमेवरचे रस्तेही उडवून दिले होते. त्या दिवशी गुरुजींनी नकाशा टांगला, पण छडी उचलली नाही. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मला आज काही सुचत नाही. तुम्हीच सांगा, आपल्या एक होण्यातली सगळ्यात मोठी अडचण कोणती?"

कोणी म्हणालं अण्वस्त्रं. कोणी म्हणालं चीन, कोणी अमेरिका. टॅक्सीवाले योम काका म्हणाले, "गुरुजी, खर्च. एक व्हायला माझी ना नाही, पण पैसे माझ्याकडून घेऊ नका."

आणि मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले आणि म्हणाले, "मेंगबाई जेवायला आल्या नाहीत."

मेंगबाई वळल्या. "मी? कुठे? कधी बोलावलंत मला?"

"तुम्हीच म्हणालात. जिन्यात. पिशवी धरून."

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला, आणि आठवल्यावर कपाळाला हात लावला. "अहो बाई, ते तसं म्हणायचं असतं."

"तसं म्हणजे कसं?"

"म्हणजे, बरं वाटावं म्हणून."

"माझ्या शेवया फुगल्या तेव्हा कोणाला बरं वाटलं?"

"तुम्ही शेवया केल्या होत्या?" मेंगबाईंचा आवाजच बदलला. "माझ्यासाठी? आणि मला हाक नाही मारली? एक मजला खाली होते मी. वरून पाय आपटला असतात तरी आले असते."

"आमच्यात बोलावलेल्याला पुन्हा बोलवत नाहीत. तो येतो."

योम काका म्हणाले, "चला, म्हणजे चीनचा यात हात नाही."

मंडळी, दुसरा कोणी शिक्षक असता तर म्हणाला असता, घरगुती गोष्टी घरी ठेवा. गुरुजी उठले. नकाशा गुंडाळला. मला म्हणाले, "बटाट्याचं पीठ आहे का घरात?" मी म्हटलं, हामहुंगच्या बाईला हे विचारायचं असतं का? आणि मग तो सगळा वर्ग, पुढे गुरुजी, मागे योम काका, माझ्या घरी आला. मेंगबाई पहिल्यांदा माझ्या उंबऱ्याच्या आत आल्या. मी शेवया पाडल्या, त्यांच्यासमोर वाटी ठेवली. त्यांनी वाटीत पाहिलं, आणि अत्यंत प्रेमाने विचारलं, "कात्री आहे का?"

झालं. पुन्हा सीमेवर तणाव. कारण दक्षिणेत गार शेवया कात्रीने कापून खातात आणि आमच्याकडे शेवई म्हणजे आयुष्य, जितकी लांब तितकं मोठं. माझ्या घरात बसून माझ्यासमोर कोणी आयुष्य कापणार? मी म्हटलं, "कात्री कपड्यांना असते." त्या म्हणाल्या, "माझ्या दातांकडे बघा आणि मग बोला." दोघींनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींचं तोंड शेवयांनी भरलेलं होतं. त्यांनी सावकाश चावलं, गिळलं, आणि म्हणाले, "ज्याची वाटी त्याची कात्री. दुसऱ्याच्या वाटीत कोणी कात्री घालायची नाही." त्यांच्या सगळ्या व्याख्यानांत एवढं छोटं आणि एवढं कामाचं वाक्य मी ऐकलं नव्हतं. आज माझ्या स्वयंपाकघरात एक कात्री खिळ्याला टांगलेली आहे. तिला मी हात लावत नाही. ती मेंगताईंची आहे. आणि हो, आता मी त्यांना ताई म्हणते.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. आता थोडं दुसरं बोलते, तेही गुरुजींमुळेच कळलं म्हणून.

हामहुंगला माझी थोरली बहीण आहे. मागच्या वसंतात चोरून कशीबशी जोडणी होऊन तिचा फोन लागला. आवाज तुटत होता. तिने विचारलं, "कधी येशील?" आणि माझ्या तोंडून निघालं, "येईन गं एकदा." ती लगेच म्हणाली, "एकदा म्हणजे कधी?" आणि फोन तुटला.

मी खूप रडले. रडून झाल्यावर मला मेंगताई कळल्या. माणूस 'एकदा' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतोच असं नाही. मनात इच्छा असते आणि हातात तारीख नसते, म्हणून तो तसं म्हणतो. आपला सगळा देशच इतकी वर्षं एकमेकांना जिन्यात उभं राहून सांगतोय, एकदा जेवू या. ती तारीख ठरवणं माझ्या हातात नाही. ग्वाकसाहेबांच्याही हातात नाही, आणि ते आज पहिल्यांदाच माझ्याशी सहमत दिसतायत.

पण काही तारखा आपल्या हातात असतात. गुरुजी उद्या सोकचोला लेकीकडे राहायला चाललेत. ही खोली केंद्राला दुसऱ्या कामासाठी हवी आहे. नवा शिक्षक मिळालेला नाही. म्हणजे वर्ग आज संपतो, असं आमंत्रणपत्रिकेत लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. मघाशी केंद्राच्या जिन्यात गुरुजींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ओक-सिलबाई, आपण एकदा जेवू या."

हसू नका. मी विचारलं, "कधी?" आणि जगातल्या सगळ्या तहांच्या तारखा पाठ असलेला हा माणूस आपल्या बुटांकडे बघत राहिला.

तेव्हा गुरुजी, तारीख मी सांगते. येता शनिवार, दुपारी बारा, माझं घर. त्याच्या पुढचा शनिवार मेंगताईंचं घर, तिथे रस्सा तिखट असेल, तयारीने या. वर्ग एक शनिवार वर आणि एक शनिवार खाली भरेल. नकाशा टांगायला मी कात्रीशेजारी दुसरा खिळा ठोकलाय. सोकचोहून सकाळची बस मिळते, मी चौकशी केली आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, आणि तुम्ही सर्वांनी वड्या थंड होऊ दिल्या, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. हामहुंगची जीभ आहे, कुठे कोणाला लागली असेल तर पोटात घाला. गुरुजी, शनिवारी बारा वाजता मी शेवया पाडायला घेईन. आमच्यात बोलावलेल्याला पुन्हा बोलवत नाहीत, पण तुम्हाला मी दर शनिवारी बोलावीन.